चौथ्या खड्ड्याची पाळी

नानांच्या घरी गेलं की चहा मिळेलच याची खात्री नसायची, पण आंघोळ मात्र नक्की मिळायची. शेजारी असो, विम्याचा एजंट असो, नाहीतर लग्नपत्रिका घेऊन आलेला कुणी लांबचा पाव्हणा असो, तो ओट्यावर टेकायच्या आत नाना विचारायचे, "आंघोळ झाली?" झाली म्हटलं तरी सुटका नव्हती. "सकाळी झाली असेल. आता अकरा वाजले. हे जळगाव आहे भाऊ, महाबळेश्वर नाही. चला, बादली भरलेलीच आहे." बायकांच्या बाबतीत ते जरा सबुरीनं घ्यायचे. त्यांना नुसते हातपाय धुवायला लावायचे.

आम्ही त्या कॉलनीत नवीन राहायला आलो, तेव्हा मी नानांकडे दूधवाल्याची चौकशी करायला गेलो होतो. अर्ध्या तासानं ओल्या केसांनी घरी परतलो. मंगल, म्हणजे आमची बायको, दारातच उभी होती. "दुधाचं काय झालं?" म्हणाली. मी म्हटलं, "ते राहिलं. आंघोळ झाली."

नाना आयुष्यभर भडगावकडे गिरणेच्या कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या शेताला कोणत्या दिवशी, किती वेळ पाणी द्यायचं, ती पाळी ठरवायची आणि पाटाचं तोंड उघडायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाले, जळगावात छोटं घर बांधलं, पण हातातली सवय काही जाईना. कालवा नव्हता, तर त्यांनी मोरीतून काढला.

घराच्या मागे त्यांनी चार गोल खड्डे केले होते. खड्ड्यात पाचोळा, भाजीचे देठ, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं असं सगळं कोंबलेलं आणि कडेनं केळी, पपई, अळू. मोरीचं पाणी नालीनं निघायचं आणि नानांच्या मर्जीनं पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या खड्ड्यात जायचं. प्रत्येक खड्ड्याच्या तोंडाशी एक वीट. वीट काढली की पाणी आत, लावली की बंद. ह्या नाल्या आमच्या समोर राहणाऱ्या रशीदभाई गवंड्यानं बांधून दिल्या होत्या. रशीदभाई कपाळावर हात मारून सांगायचा, "पूरे जळगाव में मैंने मोरी का पानी बाहर निकाला. एक ये नाना, जो अंदर लेता है!"

नाना मूळचे पारोळ्याकडचे. आमच्याशी शहरातलं नीट बोलायचे, पण पाणी वाया जाताना दिसलं की एकदम अहिराणी सुटायची. एकदा मी स्कूटर धूत होतो. कुंपणापलीकडून आरोळी आली, "काय करी राह्यनात भाऊ! पानी वाया जाई राह्यनं!" मी दचकून नळच बंद केला. कुठलीही वस्तू टाकायला निघालात की ते हातातून काढून घ्यायचे आणि म्हणायचे, "बठ्ठं कामनं शे." म्हणजे सगळंच कामाचं आहे. फुटका माठ, उसाची चिपाडं, जुनी चटई, कशालाच त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. सलूनमधून कापलेल्या केसांचं पोतं ते सायकलला लावून आणायचे आणि खड्ड्यात घालायचे. मला केस कापायला जायचीच चोरी झाली. पुढचं केळ माझ्या केसांवर पोसलेलं असायचं, आणि नाना ते मला खाऊ घालताना आवर्जून सांगायचे.

एका रविवारी मी बाजारात गेलो असताना नाना आणि रशीदभाई येऊन आमच्या कुंपणाच्या भिंतीला भोक पाडून गेले. आमच्या मोरीचं पाणी आता त्यांच्या दुसऱ्या खड्ड्यात. मी संतापलो. मंगल शांतपणे म्हणाली, "मीच हो म्हटलं. त्यांनी अळूची पानं दिली." वड्या झाल्या होत्या, त्यामुळे मीही गप्प बसलो.

पण त्या दिवसापासून माझी आंघोळ माझी राहिली नाही. नानांनी कागदावर पाळी लिहून दिली. मागच्या घरची माणसं (त्यांच्या भिंतीला भोक आधीच पडलेलं) सहा वाजता, पाणी पहिल्या खड्ड्याला. आम्ही साडेसहाला, दुसऱ्याला. पाहुणे आणि रशीदभाई, तिसऱ्याला. नाना हातात घड्याळ घेऊन नालीशी उभे. मी पडलो कावळ्याची आंघोळ करणारा. दोन तांबे अंगावर घेतले की झालो मी. भिंतीपलीकडून आवाज यायचा, "भाऊ, नुसते आत जाऊन उभे का?" मी ओरडायचो, "झाली माझी!" मग पुन्हा आवाज, "पाणी भोकापर्यंतसुद्धा आलं नाही हो. वहिनींना पाठवा."

रविवारी मात्र पूर यायचा. तेव्हा टीव्हीवर सकाळी ती पौराणिक मालिका लागायची आणि सगळी कॉलनी तिच्याआधी एकाच वेळी आंघोळ करून, अष्टगंध लावून बसायची. नाना बनियनवर, लेंगा गुडघ्यापर्यंत वर खोचून, विटा काढत, विटा लावत, घामाघूम. मालिका त्यांनी एकदाही पाहिली नाही. विचारलं तर म्हणायचे, "देव दर रविवारी भेटतो. असं पाणी भेटत नाही." धुळवडीला तर त्यांनी तोंडं धडाधड बंद करून सगळं रंगीत पाणी रस्त्यावर सोडलं. साबणाच्या वड्या त्यांच्या घरी वर्ज्य होत्याच. आंघोळीला ते पाहुण्यांच्या हातावर बेसनपीठ द्यायचे. एक पाहुणा बिचारा त्याची भजी करायची समजून स्वयंपाकघरात गेला होता.

मंगल सावद्याची, केळीच्या बागेत वाढलेली. तिला नानांची केळी बघून हसू आवरायचं नाही. बुंध्याशी पिलांची गर्दी झालेली, आणि नाना एकही पिलू कापायला तयार नाहीत. "बठ्ठं कामनं शे." शेवटी एके दिवशी ती पदर खोचून, विळा घेऊन आत शिरली. "नाना, एका केळीला एकच पिलू ठेवायचं. नाहीतर घड बोटाएवढा येईल." नाना लहान तोंड करून उभे राहिले. कापलेली पिलं त्यांनी स्वतः उचलून खड्ड्यात घातली, म्हणजे तीही कामाला आली. चौथ्या खड्ड्याशी मात्र त्यांनी मंगलला येऊ दिलं नाही.

ह्या चौथ्या खड्ड्याचं आम्हाला कोडं होतं. त्याच्या तोंडाशी लावलेली वीट आम्ही कधी काढलेली पाहिली नाही. रविवारच्या पुरातही नाही. नाना रोज स्वतःच्या आंघोळीचं पाणी परातीत धरायचे, बादलीत ओतायचे आणि ती बादली उचलून चौथ्या खड्ड्यात नेऊन घालायचे. एका म्हाताऱ्याच्या आंघोळीवर केळीची किती चैन होणार? ती जगली होती, एवढंच. बाकी तीन खड्डे गच्च हिरवे आणि चौथ्यातली केळ किडकिडीत. मी एकदा म्हटलं, "नाना, आमच्यातलं थोडं सोडा ना तिकडे." ते तुटकपणे म्हणाले, "तिथं तुमची पाळी नाही." मग मीही तो विषय सोडून दिला.

त्या वर्षी मार्चमध्ये सुरतेहून सुरेशचं पत्र आलं. सुरेश म्हणजे नानांचा मुलगा, सुरतेला कापडाच्या गिरणीत. सहा वर्षांत दोनदा आला होता, तोही दोन गाड्यांच्या मधल्या वेळात. नानांच्या पत्नीला जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि मुलगी दिली होती इंदूरला. पत्रात लिहिलं होतं की एकट्यानं किती दिवस राहाल, घर विकून टाका आणि इकडे या, तिसऱ्या मजल्यावर छान हवेशीर आहे. नानांनी पत्र मला वाचायला दिलं आणि विचारलं, "तिसऱ्या मजल्यावर मोरीचं पाणी कुठं जातं हो?" मी म्हटलं, "पाइपातून खाली." "आणि पुढं?"

त्यांनी उत्तर लिहिलं, तेही पाटकऱ्याच्या थाटात, कबुलायतीसारखं: मे महिना संपेपर्यंत बाग जगली तर मी इथंच. वाळली तर घर विकून तुझ्याकडे येतो. मुलानं उलट टपाली कळवलं, मंजूर.

आता खरं सांगतो, आम्ही त्यांना इतकं हसायचो, पण हे ऐकून कुणालाच हसू येईना. नाना नसलेली कॉलनी म्हणजे सकाळी साडेसहाला मला कुणी ओरडणार नाही. मंगल तर सरळ रडली. रशीदभाई म्हणाला, "दो महिने का सवाल है. नहाएंगे!"

आणि नेमका तोच मे महिना आमच्यावर उठला. पंचेचाळीस अंशांचं ऊन, आणि नळ चौथ्या दिवशी. त्यात विसाव्या तारखेच्या सुमारास मोठी पाइपलाइन फुटली आणि नळाला पाणीच येईना. टँकर यायचा, घराला चार हंडे. पिण्याचं बाजूला काढलं की माणशी अर्धी बादली उरायची. मोरीतून नालीत जाईपर्यंत ती जमिनीतच मुरायची. केळीची पानं कडेनं पिवळी पडली. नाना ओट्यावर बसून असायचे. येणाऱ्याला आंघोळीचं विचारणंही त्यांनी बंद केलं. ते मला बघवेना.

मार्ग मंगलनं काढला. "नालीत मुरतं ना? मग नाली हवीच कशाला? खड्ड्याच्या काठावरच बसून आंघोळ करा." रशीदभाईनं दोन फरश्या आणून पहिल्या तीन खड्ड्यांपैकी दोहोंच्या काठावर टाकल्या. तिसऱ्यावर आमचा जुना, बसायचा लाकडी पाट. दोऱ्या बांधून जुन्या साड्यांचे आडपडदे केले. बायका पहाटे, पुरुष नंतर. आपापली अर्धी बादली घेऊन सगळी कॉलनी नानांच्या मागच्या दारी. नाना एकदम उठून उभे राहिले, घड्याळ काढलं आणि ओरडले, "रांगेत! पाळीनं!" किती दिवसांनी तो आवाज ऐकला मी!

मी जन्मात केली नाही एवढी मन लावून आंघोळ त्या आठवड्यात केली. वर केळीचं पान, खाली थंडगार पाचोळा, आणि प्रत्येक थेंब केळीच्या बुंध्याशी. सहाव्या दिवशी पहिल्या खड्ड्यातल्या घडाची केळी चांगली भरलेली दिसायला लागली आणि दुसऱ्यातली केळ चक्क निसवली. जांभळं केळफूल बाहेर आलेलं बघून मंगल, सावद्याची असूनही, लहान पोरीसारखी टाळ्या पिटायला लागली.

एकतीस तारखेला सकाळी मी अंडरपँटवर फरशीवर बसलोय, तोंडाला बेसन. शेजारच्या पडद्यामागे रशीदभाई गातोय. टॉवेल गुंडाळलेले पाचसात जण हातात बादल्या घेऊन रांगेत. आणि फाटक वाजलं. हातात बॅग घेतलेला एक माणूस कोपऱ्यावरून मागे आला आणि जागच्या जागी थांबला.

"नाना," तो म्हणाला, "हे काय चाललंय?"

सुरेश होता. खिशात परतीची दोन तिकिटं घेऊन आला होता, हे त्यानं नंतर सांगितलं. सगळे टॉवेल सावरायला लागले. नानांनी त्याच्याकडे पाहिलं. बागेबद्दल, कबुलीबद्दल एक शब्द नाही. म्हणाले, "रात्रभर गाडीत होतास. आंघोळ कर."

"नाना, आधी—"

"आधी आंघोळ."

त्यांनी त्याला घरातल्या मोरीत पाठवलं. पिण्याच्या पाण्यातला एक अख्खा हंडा बादलीत ओतून त्याला दिला. मग ते मागे आले, उकिडवे बसले, आणि चौथ्या खड्ड्याच्या तोंडाची वीट काढली. ती इतकी घट्ट रुतली होती की खुरप्यानं उकरावी लागली. मी बेसन पुसत जवळ गेलो. "नाना, आज चौथ्याला?" त्यांनी हातानं मला गप्प केलं. नालीकडे बघत राहिले. खूप वेळानं पाण्याची एक बारीक धार आली, थांबत थांबत, कोरड्या नालीतून वाट काढत, आणि खड्ड्यात उतरली.

"मन्हा पोऱ्यानं पानी उनं," नाना म्हणाले. म्हणजे माझ्या पोराचं पाणी आलं.

थोड्या वेळानं त्यांनीच सांगितलं. घर बांधलं तेव्हा माणसं चार होती, म्हणून खड्डे चार. "ती गेली, तिची पाळी संपली. पोरगी सासरी गेली, तिची तिकडं लागली. ते दोन खड्डे तुम्हाला दिले. माझाही पाहुण्यांना दिला. पण सुऱ्याची पाळी कशी देऊ हो? तो येणार होता ना. कालव्यावर तीस वर्षं काढली, माणूस गावाला गेला म्हणून त्याचं पाणी दुसऱ्याला सोडलं नाही मी कधी. तोवर माझं होतं ते घालत राहिलो."

रशीदभाईचं गाणं कधीच थांबलं होतं.

सुरेश चार दिवस राहिला. पहिल्या दिवशी तो बागेत नुसता फिरला. दुसऱ्या दिवशी बादली घेऊन आमच्या रांगेत उभा राहिला. दुसऱ्या तिकिटाचं काय करायचं हा प्रश्न नानांनीच सोडवला. वाया कसं घालवायचं? पहिल्या खड्ड्यातला घड पोत्यात बांधून त्या जागेवर बसवायचा, असं ठरलं. स्टेशनवर जायला रिक्षा आली. घड आधी आत चढवला, मग सुरेश बसला, आणि पुन्हा खाली उतरला. वडिलांच्या पाया पडला आणि म्हणाला, "दिवाळीला पोरांना घेऊन येतो, आठ दिवस. माझी पाळी ठेवा."

नानांनी मान हलवली. रिक्षा वळणाआड गेल्यावर ते मागच्या दारी आले आणि त्यांनी चौथ्या खड्ड्याच्या तोंडाशी वीट परत लावली. कुठं फट राहिली नाही ना, ते बोटानं चाचपून पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

"भाऊ," म्हणाले, "आंघोळ झाली?"

झाली होती. पण मी नाही म्हटलं.