पिओनीची फेरमोजणी

"महिन्याभरात मी असा शांत होऊन दाखवतो की तुम्हीच बघत राहाल," असं बांगआजोबा डॉक्टरांना म्हणाले, ते इतक्या मोठ्यांदा की बाहेर नंबर लावून बसलेले पेशंट दचकून उभे राहिले.

त्यांचाही इलाज नव्हता. बांग ग्यु-सोक यांनी अडतीस वर्षं कोरियातल्या जॉनजूच्या बस डेपोत गाड्या सोडल्या होत्या, आणि आवाज तिथेच कमावला होता. रिटायर झाल्यावर डेपो सुटला, आवाज काही सुटला नाही. रक्तदाब उतरावा म्हणून ते मासे धरायला गेले, तर मासे वेळेवर येत नाहीत म्हणून तळ्यावर ओरडून आले. पत्ते खेळायला बसले तर दोन जुने मित्र तुटले. शेवटी त्यांच्या पत्नीने, सुन-ये आजीने, त्यांना सोसायटीच्या ज्येष्ठ मंडळात दर मंगळवारी चालणाऱ्या क्विलिंगच्या वर्गात नेऊन बसवलं. कागदाच्या बारीक पट्ट्या सुईवर गुंडाळायच्या, चिमटीत दाबून पाकळी करायची, डिंकाचा ठिपका द्यायचा आणि चिकटवायची. पोरींचे चाळे, असं आजोबा आधी म्हणाले. दुसऱ्या मंगळवारी ते सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते.

काय झालं कोण जाणे, पण पट्टी गुंडाळताना त्यांचं तोंड बंद राहायचं. घरीसुद्धा रोज दुपारी आजी पालेभाजी निवडायला बसल्या की आजोबा समोर पट्ट्या घेऊन बसायचे. दीड महिन्यात गुलाबी पिओनीचं मोठं फूल बेतलं गेलं. शनिवारी आजीला सत्तर वर्षं पुरी होणार होती, ही तिच्यासाठी भेट. आजीही मंडळाच्या सभासद होत्या, पण सभेपुरत्याच येत आणि लगेच घरी जात; त्यांना पत्ता लागू नये म्हणून फुलाची चौकट आजोबा मंडळातच ठेवत. देठ झाला, पानं झाली, मधला गाभा झाला. पंधरा पाकळ्या तेवढ्या राहिल्या होत्या.

आणि नेमकी त्याच आठवड्यातल्या मंगळवारी मंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक आली. जुने अध्यक्ष मुलाकडे बुसानला राहायला गेले होते. उभे दोघंच, एक बांगआजोबा आणि दुसरे ग्वाकगुरुजी. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, बोलणं हळू, अक्षर मोत्यासारखं. मतपत्रिका आणायची आठवण कुणालाच नव्हती. तेव्हा वर्ग घेणाऱ्या यूबाईंनी आपल्या गठ्ठ्यातल्या पंधरा गुलाबी पट्ट्या पंधरा सभासदांना वाटल्या. अर्ध्या बोटाच्या पट्टीवर पेन्सिलीने नाव लिहायचं म्हणजे परीक्षाच. बांगआजोबांचा चष्मा घरी राहिला होता, त्यांनी शेजाऱ्याचा मागून घेतला. सगळ्यांनी किमचीच्या, म्हणजे कोबीच्या लोणच्याच्या, रिकाम्या डब्यात पट्ट्या टाकल्या आणि चिटणीस मेंगबाईंनी त्या मोठ्याने वाचल्या. बांग आठ, ग्वाक सात.

मेंगबाईंनी पट्ट्या डब्याच्या झाकणात ठेवल्या आणि त्या पाकीट शोधायला गेल्या. वाटेत सुनेचा फोन आला आणि पाकीट राहिलं ते राहिलंच. अध्यक्ष झालेले आजोबा आनंदाने तरंगत आपल्या चौकटीपाशी येऊन बसले. शेजारी झाकणात गुलाबी पट्ट्या होत्याच. चष्मा नव्हता, पण आता बोटांना डोळ्यांची गरज उरली नव्हती. तासाभरात फूल पुरं झालं. त्यांनी ते कागदात गुंडाळून घरी नेलं आणि कपाटामागे लपवलं.

बुधवारी कुणीतरी म्हणालं, काल आपण चौदाच होतो, मग मतं पंधरा कशी? पुन्हा मोजू या. मेंगबाईंनी झाकण पाहिलं तर रिकामं. दुपारपर्यंत बातमी अशी झाली की नव्या अध्यक्षांनी मतं जाळली. संध्याकाळपर्यंत त्यांनी ती सूपमध्ये घालून खाल्ली होती. बांगआजोबा मंडळात जाऊन इतके तापले की यूबाईंनी त्यांना खाली बसवून पाणी पाजलं. ग्वाकगुरुजी तेवढे म्हणाले, "बांगभाऊ ओरडतात, पण लबाडी करत नाहीत." ते आजोबांना जास्तच लागलं.

घरी येऊन त्यांनी मन शांत करायला कपाटामागचं फूल काढलं. चष्मा नाकावर होता. तिसऱ्या पाकळीच्या कडेला पेन्सिलीची एक रेघ दिसली. त्यांनी चौकट उजेडात धरली. पाकळी-पाकळीच्या आत लोकांची अक्षरं गुंडाळलेली होती.

 गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. फूल राहील, अध्यक्षपद राहील, कुजबुजही राहील. आयुष्यभर लोकांनी त्यांना तापट म्हटलं, भांडखोर म्हटलं, डेपोतल्या ड्रायव्हरांनी तर काय काय म्हटलं. लबाड कुणी म्हटलं नव्हतं. पण दीड महिन्याचं काम उकलायचं, तेही वाढदिवस तीन दिवसांवर आलेला असताना, या विचाराने त्यांना रडूच आलं. फूल खरंच सुंदर झालं होतं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी चौकट मंडळाच्या मधोमध ठेवली आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात सांगितलं, "मतं यात आहेत."

यूबाईंनी ओल्या कापसाने डिंक सोडवला. सगळे खालून तापवलेल्या जमिनीवर गोल करून बसले. पट्ट्या सरळ केल्या की पुन्हा गुंडाळून बसायच्या, म्हणून जो तो आपलं अक्षर ओळखून आपापली पट्टी अंगठ्याने दाबून धरू लागला. पंधरा अंगठे, पंधरा पट्ट्या. हजेरी पूर्ण भरली आणि गुप्त मतदानाचे बारा वाजले.

मोजणी तीच आली, आठ आणि सात. पण आता कुणाचं लक्ष आकड्यांकडे नव्हतं. गुरुजींच्या अंगठ्याखाली मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, बांग ग्यु-सोक. आपणच आपल्याला मत कसं द्यायचं, एवढाच त्यांचा विचार. सगळ्यांच्या नजरा हळूहळू बांगआजोबांच्या अंगठ्याकडे वळल्या. त्यांनी तो घट्ट दाबला होता, पण डेपोतलं ठसठशीत अक्षर अंगठ्यात मावेना. तिथेही बांग ग्यु-सोकच होतं.

आजोबांचे कान लाल झाले. "माझी पट्टी मोजणीत धरू नका," ते म्हणाले.

"मग माझीही नको," गुरुजी लगेच म्हणाले. "न्याय दोघांना सारखा."

मेंगबाईंनी बोटांवर हिशोब केला, पुन्हा केला आणि चष्म्यावरून वर पाहिलं. बांग सहा, ग्वाक सात. सभ्यपणा करता करता गुरुजी निवडून आले होते, आणि त्यांचा चेहरा फोडणी जळलेल्या सुनेसारखा झाला होता. नियमाप्रमाणे सगळ्या पट्ट्या पाकिटात गेल्या. पाकीट महिनाभर उघडायचं नाही.

परतताना आजोबा पत्नीच्या दोन पावलं मागे चालत होते. शेवटी त्यांनी विचारलंच, "तुझ्या अंगठ्याखाली गुरुजींचं नाव होतं. मी पाहिलं."

"होतं," आजी म्हणाल्या. "अडतीस वर्षं तुम्ही दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्यात. दीड महिना झाला, दुपारी माझ्यासमोर बसताय. मला आवडतं ते. त्यात आता मंडळ कशाला?"

 आजोबांना बरंही वाटलं आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे रक्तदाब बहुधा जागच्या जागी राहिला.

शनिवारी घर पाहुण्यांनी भरलं. आजीने चौकट भिंतीवर मधोमध लावली होती. त्यात देठ होता, पानं होती, गाभा होता, आणि भोवती डिंकाचे पंधरा डाग. धाकटी नणंद बराच वेळ मान तिरकी करून बघत राहिली. मग तिने विचारलं, "वहिनी, यातलं फूल कुठे गेलं?"

"पाकळ्या मंडळाच्या पाकिटात आहेत," सूप वाढता वाढता आजी म्हणाल्या. "त्यातली एक माझी. ती मी गुरुजींना दिली, म्हणून तर आज हे जेवायला घरी आहेत."