गाडीसमोर उभा राहणारा माणूस

ब्रेकचं काम झालं की आमचे बाळारामकाका गाडीसमोर जाऊन उभे राहतात. मिठागराच्या बांधावरचा कच्चा रस्ता. एका टोकाला गाडी, दुसऱ्या टोकाला काका. डोक्यावर निळी टोपी, हाताची घडी. मालकाने चाळीसच्या वेगाने त्यांच्या अंगावर यायचं आणि चुन्याच्या रेघेवर ब्रेक दाबायचा. रेघेपासून काका पंचवीस पावलांवर. एक टेम्पोवाला तर गाडीतून उतरला, त्यांच्या पाया पडला आणि चालत घरी गेला. टेम्पो काकांनाच पोचवावा लागला.

"ज्यानं बसवला त्यानं उभं रहायचं," काका म्हणतात. "लोखंड खोटं बोलत न्हाय. आनि आपल्यामागं रडायला हाय कोन?" काकी जाऊन वर्षं झाली, मूलबाळ नाही. किती वाजले सांगावं तसं ते हे सांगतात.

मी त्यांच्या शेजारची. आमच्या घरात कॉलेज पास झालेली पहिली मीच, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही. न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात आहे. गाडी घेतली ती जुनी, पण माझी. खाऱ्या हवेने तिचं एबीएसचं कंट्रोल युनिट खाल्लं. ब्रेक गच्च दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी ती पेटी. डॅशबोर्डवर पिवळा दिवा कायमचा लागला.

आळीतले म्हणाले, "पनवेलला ने. बाळारामला कॉम्प्युटरमधलं काय कळतंय?"

हे काकांच्या कानावर गेलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पोरी, गाडीच्या दुरुस्तीचं पुस्तक तू वाच. पाना मी फिरवतो."

मग मी इंग्रजी वाचायची आणि आपल्या भाषेत सांगायची. जुन्या पेटीचे सहा पाईप निघाले. अदलाबदल नको म्हणून काकांनी त्यांना सहा रंगांच्या चिंध्या बांधल्या. नट किती आवळायचा त्याचं माप मी वाचलं, तर म्हणाले, "मनगटाला म्हायत हाय." मी पाठ फिरवल्यावर हळूच उसना आणलेला मापाचा पाना काढला. नवी पेटी बसवली, पाइपांतली हवा काढली, गाडीतला बिघाड दाखवणारा स्कॅनर जोडला, पुस्तकातली एकेक ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. शेवटी दिवा विझला. काकांनी टोपी काढली, परत घातली.

"रेघेवर पाय दाबून ठेव. पेडल थरथरंल, सोडू नको," एवढं बजावून ते बांधावर गेले. आळी बघायला जमलेलीच होती.

मी गाडी टोकाला नेली, वळवली. समोर काका नव्हते. निळं पिंप उभं होतं, त्यावर काकांची टोपी. काका कडेला.

मी उतरून तरातरा गेले. "काका, पिंप कशाला? भरवसा ब्रेकवर न्हाय का माझ्यावर?"

"दोघांवर हाय."

"मग उभा रहा की."

"मला काय झालं तर टेम्पोवाला दोन दिवस हळहळंल, तिसऱ्या दिवशी टेम्पो काढंल. तू जन्मात गाडीला हात लावनार न्हाय. जा, बस."

मी बसले. चाळीस. रेघ. पेडल पायाखाली गुरगुरलं, खडी उडाली, गाडी नाकासमोर सरळ गेली आणि थांबली. काकांनी बंपर आणि पिंपाच्या मधे हात धरून मोजलं. एक हात, चार बोटं.

"लोखंड खोटं बोलत न्हाय," ते आळीला म्हणाले. "आनि पुस्तक वाचनारी आमची हाय."

मी टोपी उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवली. "रडायला कोन हाय, हे पुन्हा बोलायचं न्हाय."

ते हात धुवायला गेले, आणि बराच वेळ धूतच राहिले.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना बांधाकडे बघितलं. त्या टोकाला एक टेम्पो उभा होता. या टोकाला टोपी घातलेलं पिंप. काका कडेला, हाताची घडी घालून.