बोट सोडून सगळं चार्ज

"आत्या, एकच काडी हाय! तेबी लाल!" निकिता बोटीतून ओरडली.

काडी म्हणजे बॅटरीच्या मीटरवरची रेघ. पाच हिरव्या रेघा दिसल्या की बोट तलावातल्या टेकडीला फेरी मारून परत येणार; एकच लाल दिसली की बोट नुसती फोटो काढण्याच्या कामाची. आत्याच्या, म्हणजे मानीबाईच्या, बचत गटाची ही पांढरीशुभ्र बोट आठवड्यापूर्वीच लोहाऱ्याहून ट्रकात बसून आली होती. धूर नाही, आवाज नाही. पोटात चार गलेलठ्ठ बॅटऱ्या आणि मागे पाण्यात एवढासा पंखा. निकिताला तर अजूनही खरं वाटत नव्हतं की एवढ्याशा पंख्यावर सहा माणसं पाणी कापत जातात!

चार वाजता यवतमाळहून तपासणीचे साहेब येणार होते. फेरी पूर्ण झाली तर तलावावर बोट चालवायची परवानगी. नाही झाली तर अर्ज परत, आणि मानीबाईने दोन वर्षं घातलेले सगळे हेलपाटे पुन्हा पहिल्यापासून.

आणि गावातली डीपी जळून वीज गेली त्याला आज तिसरा दिवस होता.

"घाबरू नको व," मानीबाई म्हणाली. "हिरासिंगभाऊ जनरेटर घेऊन येऊन राह्यला."

हिरासिंगचं आर्णीला मंडप-डेकोरेशनचं काम. दहाच्या सुमारास त्याने टमटममधून एक लाल पेटी उतरवली आणि तिची दोरी खेचली. पेटी खोकली. पुन्हा खेचली, शिंकली. तिसऱ्या खेपेला अशी गरजली की काठावरचे बगळे एका दमात आभाळात! चार्जरचा दिवा लागला. निकिता आ वासून बघत राहिली. हातात उचलून नेता येईल एवढी पेटी, आणि तिच्यात अख्खी लाइट!

"चारपर्यंत बोट फुल्ल होते," हिरासिंग म्हणाला. "फक्त जास्त लोड नका देऊ, नाईतं ट्रिप मारून बंद पडते. मले एका लग्नाचा मंडप सोडाचा हाय, साडेतीनले येतो."

जाताना त्याने आपला मंडपाचा बोर्ड तिथेच ठेवला. त्या बोर्डाला सॉकेट होते सोळा. पुढचं सगळं त्या सोळा भोकांनी केलं.

जनरेटरचा आवाज गावापर्यंत गेला आणि पंधरा मिनिटांत भगवानराव पाठीला फवारणीचा पंप अडकवून हजर झाले. कपाशीवर अळी पडलेली, आठवडाभराने आज कुठे ऊन पडलेलं, आणि गावातल्या झाडून सगळ्या पंपांच्या बॅटऱ्या मेलेल्या.

"मानीबाई, लावू का व? एकच तं हाय."

"लावा नं भाऊ! त्यात काय इचारता?"

मग तानाबाई मोबाइल घेऊन आली. तिची लेक दिग्रसला बाळंत व्हायची होती. तिला कोण नाही म्हणणार? तिच्यामागून तीन पंप आले, मग सात. अकरा वाजायच्या आतच जनरेटर म्हणाला, "धप्प."

एकदम शांत. सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"काईतरी काढा लागन," मानीबाई म्हणाली.

"मीच काढतो माहा," भगवानराव उठले.

"बसा भाऊ! आलेल्या माणसाचं काढत असतात का? निकिता, आपलं काढ."

निकिताने बोट काढली. जनरेटर खूश होऊन सुरू झाला. एक पंप भरला, तिने बोट लावली, तोवर दोन नवे पंप आले. धप्प. पुन्हा आग्रह, पुन्हा "आपलं काढ". दरम्यान मानीबाईने चूल पेटवून चहा ठेवला होता, कारण माणसं नुसती कशी बसवायची?

"आत्या, बोट काहून नाई लावत?"

"लावतो नं व! एवढा याचा पंप होऊ दे."

एवढा याचा, एवढा त्याचा. हे इतक्या प्रेमाने चाललं होतं की भांडायला जागाच नव्हती. तीन वाजता काठावर निळे, पिवळे, हिरवे असे तेवीस पंप ओळीत उभे होते, प्रत्येकाचा हिरवा दिवा लुकलुकत होता. ऊन कललं की फवारायचं म्हणून मालकही चहा पीत तिथेच बसले होते. दृश्य होतंच तसं देखणं. निकिताला राग आला होता तरी ती क्षणभर बघत राहिली.

साडेतीनला हिरासिंग टमटममधून उतरला आणि जनरेटर शेवटचा खोकला. पेट्रोल संपलं होतं.

"झाली नं बोट फुल्ल?" त्याने विचारलं.

निकिताने त्याला बोटीत नेलं. मीटरवर एक काडी. लाल. आणि साहेबांची जीप यायला उरला होता अर्धा तास.

मानीबाई मटकन दगडावर बसली. "दोन वर्सं गेली बाप्पा," एवढंच म्हणाली. सकाळपासून सगळ्यांना हसून चहा देणारी आत्या अशी बसलेली निकिताने कधी पाहिली नव्हती. तिने तोंड फिरवलं, तर समोर भगवानरावांचा पंप. त्यावर लिहिलं होतं, बारा व्होल्ट. ती बोटीत धावली. बॅटरीवर लिहिलं होतं, बारा व्होल्ट!

"आत्या!" तिचा आवाजच फुटला. "आपली चार्जिंग कुठंच गेली नाई! सगळी इथंच बसून चहा पिऊन राह्यली!"

समांतर जोडणीच्या प्रश्नाला तिने शाळेच्या चाचणीत पैकीच्या पैकी मार्क काढले होते. अधिकला अधिक, उणेला उणे. हिरासिंगने बोटीच्या मेलेल्या बॅटऱ्यांची तार सोडली आणि मंडपाच्या वायरचं बंडल उलगडलं. "लग्नात दोन हजार बल्ब जोडतो मी. तेवीस बॅटऱ्या काय घेऊन बसली पोट्टी!"

पंपांतल्या बॅटऱ्या काढून बोटीत जोडणी झाली आणि तेवीसही मालक बोटीत चढायला लागले.

"अन माही बॅटरी पाण्यात गेली तं? मी संगंच येतो."

"माही तं नवी हाय! मले पुढं बसू दे."

बोट कलली. तेव्हा मानीबाई उठली. "सकायपासून तुमच्यासाठी आमची बोट काढली. आता बोटीसाठी तुमी निंगा!"

दिवसभरात ती पहिल्यांदाच कुणाला नाही म्हणाली होती. सगळे गुपचूप उतरले, सर्वांत आधी भगवानराव.

साहेब आले. बोटीत जिकडेतिकडे पंपातून काढलेल्या बॅटऱ्या, मधून तांबड्या-काळ्या वायरींचं जाळं.

"हे काय आहे?"

"बॅटरी बँक हाय साहेब," निकिता म्हणाली. "बसा नं."

मानीबाईने खटका दाबला. काहीच आवाज झाला नाही. निकिताने वाकून वायरी पाहिल्या. मग तिला दिसलं, काठ मागे सरकतो आहे! बोट निघाली होती. पाणी दुभंगत होतं आणि आवाज नावालाही नव्हता. टेकडीवरच्या पळसात पाखरू बोललं तेही ऐकू आलं. मीटरवर पाच हिरव्या काड्या होत्या. टेकडीला वळसा घालताना साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, देवळात काढतात तशी. दूर काठावर तेवीस माणसं रांगेने उभी होती, एकही हलत नव्हतं. आपल्या बॅटऱ्यांवरून कुणाचीच नजर हटत नव्हती म्हणा, पण बोटीतून पाहणाऱ्याला वाटावं, ही माणसंच नजरेने बोट ओढताहेत.

फेरी झाली. साहेबांनी फॉर्म मांडीवर घेतला, भराभरा खुणा केल्या आणि एका रकान्यापाशी थांबले. ऊर्जेचा स्रोत. त्यांनी गार पडलेल्या जनरेटरकडे पाहिलं. आपापली बॅटरी हुडकत बोटीत वाकलेल्या गर्दीकडे पाहिलं. मग त्यांनी लिहिलं, "ग्रामस्थ", आणि खाली सही केली.

"एक अट आहे, मानीबाई," कागद देताना ते अगदी गंभीरपणे म्हणाले. "प्रत्येक फेरीआधी ग्रामस्थ पूर्ण चार्ज पाहिजेत."

"त्याची काळजी नका करू साहेब," मानीबाईने चहा चढवून चुलीत काटक्या सारल्या. "तुमी बसा, तुमाले बी लावतो."