निमकर मलिंगारला पोचतात

दर शनिवारी सकाळी दहा वाजता आमचे शेजारी विद्याधर निमकर डब्लिनजवळच्या सिटीवेस्टहून कॅम्पर व्हॅनने आयर्लंडच्या उत्तर टोकाकडे निघत. सीटबेल्ट लावत, आरसे नीट करत आणि पुढचे पाच तास आमच्या पार्किंगमध्येच बसून राहत.

गाडी सुरू करायचा प्रश्नच नव्हता. लॉकडाउन होता, घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी होती, आणि निमकर नियम मोडणाऱ्यांतले नव्हेत. पण प्रवासाच्या तालमीवर बंदी कुठे होती? दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते समोरच्या कचऱ्याच्या डब्यांकडे टक लावून बघत आणि तासाभराने गंभीरपणे म्हणत, "मलिंगार गेलं."

हे मी खात्रीने सांगतो, कारण सहचालक मीच होतो. दुसऱ्या घरच्या माणसाने गाडीत बसायचं नाही, म्हणून माझी घडीची खुर्ची बाहेर, डाव्या खिडकीपासून दोन मीटरवर. पाऊस आला की छत्री. पाऊस येतच असे.

"सामंत, डावीकडे काय दिसतंय?"

"लिफ्ट."

"अहो, नकाशात!"

तळमजल्यावरच्या आयरिश आजींनी एकदा मला बाजूला घेऊन काळजीने विचारलं, "इज ही ऑलराइट, युअर मॅन?" मी म्हटलं, "ही इज ग्रँड," म्हणजे इथल्या भाषेत अगदी ठीक. आणि घरी येऊन निमकरांचा फोटो आमच्या मराठी ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'पार्किंगप्रवासी'. एकोणीस जण हसले. मीही हसलो.

निमकर आणि मी एकाच औषधाच्या कारखान्यात. यंत्र ठरल्याप्रमाणे चालतं हे कागदावर सिद्ध करणं हे त्यांचं काम. 'लिहिलं नाही म्हणजे घडलं नाही' हे त्यांचं लाडकं वाक्य, आणि ते फक्त कारखान्यापुरतं नव्हतं. दूध उकळल्याची नोंदसुद्धा फ्रिजवर लावलेली असे. आमच्याकडे कागदावर चूक झाली तर ती गिरवून खोडत नाहीत. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही, तारीख आणि कारण. निमकरांच्या कागदावर तीस वर्षांत अशी एकही रेघ पडलेली नाही. हे ते फारसं बोलून दाखवत नसत. दिवसातून दोनदाच.

तर अशा माणसाने ब्रेड पोचवणारी जुनी व्हॅन घेतली, तिच्यात पलंग आणि शेगडी बसवली आणि डॉनेगलच्या डोंगरांतून सीमेपलीकडे जायच्या सहलीचा एकेचाळीस पानी आराखडा लिहिला. त्यात 'लांडगे' असा स्वतंत्र भाग होता. 'या देशात आढळत नाहीत. तरीही शिटी सोबत ठेवावी.'

रस्त्याची तर कमालच. डब्लिनहून डॉनेगलला जाणारा कुणीही शहाणा माणूस सरळ नॉर्दर्न आयर्लंडमधून, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीतून, जातो. निमकरांचा रस्ता स्लायगोवरून वळसा घालून जात होता.

"हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?" मी विचारलं.

"नवव्या भागात आहे. वाचलंत ना?"

"वाचलं की."

वाचलं नव्हतं. आराखड्याच्या अकरा आवृत्त्या निघाल्या आणि 'तपासणारा' या रकान्यात अकराही वेळा मी न वाचता सही ठोकली. कारखान्यात वीस वर्षं पगार कागद तपासण्याचाच घेतो, हे इथे कबूल केलेलं बरं.

तालमीतला चहाचा थांबा कॅरिकला. निमकर तीन कप मांडत, दोन भरत.

"तिसरा लांडग्याला का हो?"

ते किंचित हसले, तो कप फडक्याने पुसला आणि परत प्रेसमध्ये, म्हणजे व्हॅनमधल्या छोट्या कपाटात, ठेवला.

निमकरवहिनी तेव्हा पुण्यात अडकल्या होत्या. मुलगी सई सीमेपलीकडे, डेरीला. बापलेकीत दोन वर्षं अबोला होता, आणि त्याचं कारण सगळ्या बिल्डिंगला पाठ होतं. सईने लग्न ठरवलेला डेरीचा एक शाळामास्तर घरी जेवायला आणला. जेवण झाल्यावर निमकरांनी तिच्या हातात, कारखान्यात यंत्राचा भरतात तसा, त्याच्या जोखमीचा फॉर्म ठेवला. 'शक्यता मध्यम, तीव्रता उच्च.' ती फॉर्म टेबलावर ठेवून निघाली, ती परत आली नाही. ही गोष्ट ग्रुपवर सर्वांत रंगवून कोण सांगायचं, तेही आता सांगून टाकतो. मीच.

एकवीसच्या उन्हाळ्यात बंदी उठली. निमकरांनी जूनमधला एक शनिवार पक्का केला. आणि मी सबब शोधू लागलो. खुर्चीत बसून टवाळी करणं वेगळं आणि निमकरांबरोबर चार दिवस काढणं वेगळं. गुरुवारी मी कळवलं, कंबर धरलीय. कंबर इतकी ठणठणीत की त्याच दिवशी मी एकट्याने सोफा हलवला होता.

"बरं. काळजी घ्या," एवढंच ते म्हणाले. फॉर्म मागितला नाही, कारण विचारलं नाही. तेच मला टोचलं. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आराखडा उघडला.

'भाग नऊ: सीमा. मुख्य चालकाकडे भारतीय पासपोर्ट, पलीकडचा व्हिसा नाही. सीमेवर कुणी तपासत नाही, तरीही नियम तो नियम. मुख्य चालक अलीकडे ब्रिजएंडला खुर्ची टाकून थांबेल. सहचालक, आयरिश पासपोर्ट, गाडी घेऊन डेरीला जाईल. सईला परिशिष्ट क द्यावे. ती आल्यास तिघांचा चहा. न आल्यास सहचालकाने आग्रह करू नये.'

परिशिष्ट क म्हणजे तोच फॉर्म. वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत त्याच्यावर एकच रेघ. शेजारी सही, तारीख. 'कारण: नोंद करणाऱ्याची चूक.'

सुट्टी संपली तरी मी तसाच बसून होतो.

शनिवारी बॅग घेऊन खाली उतरलो. निमकर बेल्ट लावून कचऱ्याच्या डब्यांकडे बघत होते. डाव्या खिडकीबाहेर, दोन मीटरवर, माझी खुर्ची मांडलेली होती. मी ती घडी करून मागे टाकली, दार उघडलं आणि पहिल्यांदाच आत बसलो.

त्यांनी घड्याळ पाहिलं. "दहा मिनिटं उशीर. नोंदवावं लागेल."

"नोंदवा."

"कारण?"

"तपासणाऱ्याची चूक."

त्यांनी ते सावकाश लिहिलं आणि सहीसाठी कागद माझ्यापुढे धरला. मी आधी तो वाचला, मग सही केली. निमकर खिशात किल्ली शोधू लागले. सगळे खिसे धुंडाळावे लागले, कारण इतक्या शनिवारांत ती कधी लागलीच नव्हती. गाडी सुरू झाली, तसे मागे प्रेसमध्ये तीन कप एकमेकांवर वाजू लागले.