ज्याचं तोंड त्याचा फोटो

यशवंतनानांच्या हातात कोणी फोटो दिला, की ते फोटोतलं माणूस आधी बघत नसत. फोटो घेऊन ओट्यावर जात, एक डोळा मिटून तो उन्हात धरत आणि त्यातून ऊन आरपार येतं का ते पाहत. आलं तर "अस्सल" म्हणत. नाही आलं तर चेहरा असा करत, की देणाऱ्याला आपण खोटी नोट खपवायला आलो की काय, असं वाटावं.

नाना जळगावात आमचे शेजारी. मूळचे असोद्याचे. एका जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीत कापसाच्या गाठींवर मार्का मारायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं. गाठ कुठेही जावो, मार्का पाहिला की ती कोणत्या गोदामातून निघाली ते कळलंच पाहिजे, हा त्यांचा धर्म. घरी एकटेच. लग्न का केलं नाही, असं कोणी विचारलंच, तर म्हणत, "तू केलंस ना भो? मग काय झालं ते सांग आधी."

ही गोष्ट ऐंशी सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली. मुलगी लग्नाची झाली, की तिला स्टुडिओत न्यायचं, रंगवलेल्या तलावापुढे स्टुलाशेजारी उभं करायचं, स्टुलावर कागदी फुलांची फुलदाणी ठेवायची आणि एक फोटो काढायचा. त्याच्या प्रती काढून स्थळांकडे पाठवायच्या. नकार आला की फोटो परत करावा, असा रिवाज. पण रिवाज पाळतो कोण? फोटो कपाटात राहायचा, गणपतीच्या तसबिरीमागे राहायचा, नाहीतर "आमच्या साडूंना दिलाय, त्यांच्या पुतण्यासाठी" असं उत्तर यायचं. आमच्या गल्लीतली एक मुलगी दोन लेकरांची आई झाली, तरी तिचा फोटो चोपड्याकडे उपवर म्हणून फिरत होता. तिकडून एकानं पसंती कळवली, तेव्हा तिच्या नवऱ्यानं ते पत्र स्वतः वाचलं.

त्या दिवसापासून नानांनी गल्लीतल्या मुलींचे फोटो स्वतःच्या ताब्यात घेतले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पण त्यांना नको म्हणायचीही कोणाची छाती नव्हती.

त्यांची पद्धत मी जवळून पाहिली आहे. फोटो धुवायला टाकला, की ते डार्करूमच्या दाराशी स्टूल टाकून बसत. फोटोग्राफर वैतागून म्हणायचा, "नाना, आत अंधार आहे. तुम्हाला बाहेर बसून काय दिसणार?"

"मले काही दिसणार नाही. पण मी बाहेर बसलोय हे तुले दिसलं ना? मग झालं."

निगेटिव्ह ते तिथेच मागून घेत आणि मुलीचं लग्न ठरलं की तिच्या हातात देत. तिच्या बापाच्या नाही, तिच्या. "ज्याचं तोंड त्याचा फोटो," हे त्यांचं वाक्य गल्लीत शेंबड्या पोरालाही पाठ होतं.

मग सुई. प्रत्येक प्रतीला ते बारीक भोक पाडत, आणि प्रत्येक स्थळासाठी जागा वेगळी. धुळ्याच्या फोटोला तलावातल्या हंसाच्या डोळ्यात. चोपड्याच्या फोटोला फुलदाणीच्या काठावर. मुलीच्या अंगाला मात्र सुई लावायची नाही, साडीच्या पदरालासुद्धा नाही. फोटो परत आला की उन्हात धरायचा. त्याच जागेतून ऊन आलं तर तोच फोटो. कोणी त्याच्यावरून दुसरा फोटो काढला असेल, तर त्यात भोक येत नाही, नुसता ठिपका येतो, आणि तो कुठे आहे यावरून कॉपी कोणत्या घरातून निघाली ते कळतं. मी पतपेढीत हिशेब लिहिणारा माणूस, ताळेबंदावर पोट भरणारा. पण इतका सोपा आणि इतका चोख ताळा मी कुठे पाहिला नाही.

"हे कुठे लिहून ठेवता?" मी एकदा विचारलं.

"लिहून कशाले? लिहिलं की त्याची बी कॉपी निघते," नाना म्हणाले.

नानांचा स्वतःचा फोटो मात्र कुठेच नव्हता. गल्लीतल्या सगळ्या लग्नांच्या ग्रुप फोटोंत ते आहेत, पण चेहऱ्याच्या जागी काळी छत्री आहे.

माझ्या धाकट्या बहिणीची, सुनंदाची, स्थळं पाहायला लागलो तेव्हा तिचा फोटोही नानांच्या सुईखालून गेला. शिंदखेड्याच्या स्थळाकडे गेलेल्या फोटोचं भोक स्टुलाच्या पायात होतं. पत्रिका जुळत नाही असं तिकडून कळलं, पण फोटो काही येईना. नाना एसटीनं शिंदखेड्याला गेले. मुलाच्या वडिलांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "बठ्ठं घर धुंडी लिधं नाना, सापडत नही. फोटो काय पळी जास का?"

"पळत नाही," नाना म्हणाले, "पण त्याले पिलं होतात."

फोटो मिळेपर्यंत ते तिथून उठले नाहीत. परत आले, फोटो उन्हात धरला, स्टुलाच्या पायातून ऊन आलं. "अस्सल," नाना म्हणाले. आम्ही निर्धास्त झालो.

त्यानंतर महिन्याभरात धुळ्याचं स्थळ पुढे सरकलं. मंडळी रविवारी मुलगी पाहायला येणार होती. त्याच आठवड्यात फॅक्टरीच्या कामानं नाना धुळ्याला गेले आणि संध्याकाळी चप्पलसुद्धा न काढता आमच्या दारात उभे राहिले.

"वहिनी," ते आईला म्हणाले, "सुनंदा धुळ्याच्या बाजारात उभी आहे."

आईच्या हातातली परात पडली. सुनंदा आतून धावत आली आणि म्हणाली, "नाना, मी तर इथे भाकरी करतेय!"

खरा प्रकार असा, की धुळ्यात आग्रा रोडलगतच्या एका बोळात, एका स्टुडिओच्या काचेच्या शोकेसमध्ये, सुनंदाचा फोटो मोठा करून, हातानं रंगवून लावला होता. आणि धुळ्याच्या मुलाचे वडील रोज त्याच बोळातून दुकानावर जात. आजवर त्यांची नजर गेली नसली, तरी आज ना उद्या जाणारच होती. मुलीचा फोटो बाजारात लागलाय म्हटल्यावर रविवारी कोण येणार होतं? आणि एकदा तशी बोलवा झाली, की धुळ्याचंच काय, कुठलंच स्थळ आलं नसतं. आई रडायला लागली. सुनंदा रडली नाही. "माझा फोटो," एवढंच म्हणाली, "आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं नाना आणि मी धुळ्याला गेलो.

शोकेससमोर उभा राहिलो आणि मला माझी बहीण ओळखू येईना. गाल डाळिंबासारखे, साडी पोपटी, मागचा तलाव निळाशार. नानांनी बोट स्टुलाच्या पायाकडे नेलं. तिथे एक ठिपका होता. रंगवणाऱ्याला तो खिळा वाटला असावा, त्यानं त्याला छान पितळी रंग दिला होता.

"शिंदखेडा," नाना म्हणाले.

आम्ही आत गेलो. स्टुडिओवाला गल्ल्यावर बसला होता.

"तो फोटो काढा," नाना म्हणाले.

"तुमनी कोण लागस ती?"

"कोणी लागत नाही. ज्याचं तोंड त्याचा फोटो. तिनं तुम्हाले दिला का?"

"हाई सॅम्पल शे, बुवा. याना जिवावर गिऱ्हाईक येस. एक पोऱ्या कॉपी काढाले लयना व्हता, फोटो झकास वाटना, मोठा करीसन लावी दिधा."

मी तावातावानं बोलायला लागलो, तेव्हा नानांनी माझ्या दंडाला धरून मला बाहेर आणलं. छत्री उघडली, पाठीमागे आडवी धरली आणि शोकेसला पाठ लावून उभे राहिले. सगळी काच छत्रीआड गेली. सुनंदाबरोबर एक नवरा-नवरी, बारशाचं एक बाळ आणि फेटेवाले एक पुढारीही गेले.

ऊन वाढत गेलं. लोक थांबून बघायला लागले. स्टुडिओवाला दोनदा बाहेर आला, दोनदा शिव्या घालून आत गेला. आणि मग बोळाच्या तोंडाशी मला काळी टोपी दिसली. धुळ्याच्या मुलाचे वडील! फोटो द्यायला मीच त्यांच्या घरी गेलो होतो, ते मला ओळखत होते. मी शेजारच्या बोहारणीच्या गाठोड्याआड बसलो.

ते नानांसमोर थांबले. "ऊन समोरून येतंय बाबा, आणि छत्री पाठीमागे?"

"माझी पाठ नाजूक आहे," नाना म्हणाले.

काळी टोपी हसली आणि पुढे गेली. नाना हलले नाहीत. त्यांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. असोद्याचा एक म्हातारा, नात्याचा ना गोत्याचा, माझ्या बहिणीच्या चेहऱ्यापुढे भिंतीसारखा उभा होता. मी पुढे पुष्कळ मोठी माणसं पाहिली. इतकं उंच कोणी दिसलं नाही.

दुपारी स्टुडिओवाल्यानं हात टेकले. फोटो काढून नानांना देत म्हणाला, "ल्या बुवा. पण ती छत्री मिटा." आणि जाता जाता एक गोष्ट सांगितली. ज्या पोऱ्यानं कॉपी काढून नेली, तो इथल्याच एका शाळेत मास्तर होता आणि रोज शाळा सुटली की या काचेपाशी येऊन उभा राहायचा.

आम्ही थांबलो. मुलगा आला. रिकामी खुंटी पाहून त्याचा चेहरा इतका पडला, की मला त्याला मारायचं होतं ते राहूनच गेलं. नाव विलास. शिंदखेड्याचं ते स्थळ म्हणजे हाच.

"पत्रिकेचं वडिलांनी काढलं," तो खाली बघत म्हणाला. "मला कोणी विचारलंच नाही."

"तुले विचारलं नाही म्हणून तुले वाईट वाटलं," नाना म्हणाले. "बरोबर आहे. मग फोटोची कॉपी काढताना तू तिले विचारलं?"

नानांनी हात पुढे केला. विलासनं शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला छोटा फोटो काढून दिला. नानांनी तो उतरत्या उन्हात धरला. ऊन आलं नाही. "कॉपी," ते म्हणाले आणि पिशवीत टाकला. मग जरा हळू आवाजात म्हणाले, "जळगावले ये. चोरू नको, मागून घे. ती नाही म्हणाली तर चहा पिऊन परत जा."

परतीच्या गाडीत मी नानांवर चिडलो. चोराला घरी बोलावणं हे काय? गाडी पारोळ्याच्या पुढे आली. मग नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वसंता, माझ्याकडे बी एक फोटो आला होता."

चोपड्याकडच्या एका गावातल्या मुलीचा. नानांच्या वडिलांनी नाही म्हटलं आणि फोटो परत करायला नानांनाच पाठवलं. चोपड्याच्या स्टँडसमोर स्टुडिओ होता. गाडीला वेळ होता, कॉपी काढून झाली असती. नाना त्या दाराशी उभे राहिले आणि आत गेले नाहीत. फोटो जसाच्या तसा तिच्या घरी पोचवला.

"मग?"

"मग काय? तिचं झालं लग्न. मले अजून स्टूल आठवतं. फुलदाणी आठवते, तिच्यात सहा फुलं होती. मागं जिना रंगवला होता. चेहरा तेवढा येत नाही रे. फार बघतो, पण येत नाही."

"काढायला हवी होती कॉपी," मी न राहवून म्हणालो.

"कशी काढणार? तिनं थोडाच दिला होता? तिच्या बापानं दिला होता."



घरी नानांनी दोन्ही फोटो सुनंदाच्या हातात ठेवले. मोठा पाहून ती हसली. "मी इतकी गुलाबी आहे? आणि हा खिळा कुठला?" लहान फोटोचे कोपरे खिशात राहून झिजले होते. तो तिनं बराच वेळ पाहिला.

"येणार आहे का तो?"

"मी ये म्हटलंय. तू नको म्हटलंस, तर पाय धुवायच्या आत परत पाठवतो."

सुनंदा नको म्हणाली नाही.

धुळ्याची मंडळी रविवारी आली, पोहे खाल्ले, "कळवतो" म्हणाली. ती अजून कळवतेच आहे. पुढच्या रविवारी विलास एकटा आला, त्याच्या पुढच्या रविवारी वडिलांना घेऊन. पत्रिका तीच होती. ती या वेळी कोणी काढली नाही. लग्नाच्या ग्रुप फोटोत सुनंदा आहे, विलास आहे, दोन्हीकडचे व्याही आहेत आणि एका कडेला काळी छत्री आहे.

लग्न ठरलं तेव्हा नानांनी रिवाजाप्रमाणे निगेटिव्ह सुनंदाच्या हातात दिली होती. सासरी जायच्या आदल्या दिवशी ती मला घेऊन स्टुडिओत गेली आणि त्यावरून एक नवी प्रत काढली. तिथून आम्ही थेट नानांकडे गेलो.

"नाना, हा तुम्हाला," ती म्हणाली.

नानांनी धोतराला हात पुसले. फोटो घेतला आणि सवयीनं ओट्याकडे वळले. उन्हाशी पोचले, हात वर गेला आणि तिथेच थांबला. मग तो खाली आणून, दोन्ही हातांत धरून, ते पहिल्यांदाच फोटोतल्या माणसाकडे बघत राहिले.

"परत कधी आणून देऊ?" त्यांनी विचारलं.

"परत नाही द्यायचा, नाना," सुनंदा म्हणाली. "मी दिलाय."