नवा शर्ट जुना करताना

सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना मास्तरांनी ताईंचा शर्ट कापला. चुकून नव्हे, नियमाप्रमाणे. आणि तो नियम ताईंनीच घालून दिलेला होता.

ताईंचा कारखाना म्हणजे एका गोदामाचा वरचा मजला. दोन शिलाई मशिनं, ती चालवणाऱ्या दोघी शिलाईवाल्या, एक लांबलचक टेबल आणि छताला टेकलेले जुन्या कपड्यांचे गठ्ठे. लोकांनी टाकून दिलेले शर्ट, पडदे, चादरी तिथे यायच्या आणि पिशव्या, जाकिटं, झबली होऊन बाहेर पडायच्या. कापायचं काम मास्तरांचं. मास्तरांच्या हाताला धार होती, पण मन लोण्याचं. सुरुवातीला ते प्रत्येक कपड्यापाशी अडायचे. "ताई, ही कॉलर बघा, काय बसवलीय. हिला कापायचं?" एका दुपारी तर ते एका कोटाकडे अर्धा तास नुसते बघत बसले होते. शेवटी ताईंनी फर्मान काढलं. जे टेबलावर असेल ते कापायचं. कोणाचं, कुठलं, कशाला, काही विचारायचं नाही.

त्या दिवशी ताईंनी स्वतःचा एकुलता एक बरा शर्ट इस्त्री करून टेबलावर ठेवला, कारण इस्त्री तिथेच होती, आणि फोन आला म्हणून त्या जिन्यात गेल्या. परत आल्या तेव्हा शर्टाचे चौदा खिसे झाले होते.

"मास्तर, तो माझा होता."

"टेबलावर होता," मास्तर म्हणाले.

"इस्त्री केलेला होता हो. टाकायचा कपडा इस्त्री करून कोण देतं?"

"मला वाटलं, देणारे चांगल्या घरचे असतील."

ताई स्टुलावर बसल्या. बारा वाजता साहेब येणार होते. हे साहेब एका मोठ्या दुकानाचे खरेदीप्रमुख. त्या दुकानाच्या चाळीस शाखा होत्या आणि त्यांपैकी एकाही शाखेत आजवर ताईंची साधी पिशवीसुद्धा लागलेली नव्हती. साहेबांनी ऑर्डर दिली तर कारखाना उभा राहणार होता. नाही दिली तर मास्तर गणवेशांच्या कारखान्यात जाणार होते, तिथून त्यांना दोनदा बोलावणं येऊन गेलं होतं, आणि ताईंकडे फक्त भाषणं उरणार होती.

भाषणं मात्र भरपूर होती. 'मी सात वर्षांत एकही नवा कपडा विकत घेतलेला नाही' हे वाक्य ताईंनी इतक्या सभागृहांत म्हटलं होतं की त्या झोपेतही ते न अडखळता म्हणाल्या असत्या. तेच वाक्य त्यांच्या प्रत्येक पिशवीच्या लेबलावर छापलेलं होतं. साहेबांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "पिशव्या काय, कोणीही शिवतं. मला ते सात वर्षांचं बघायचंय."

आणि आता बघायला काय होतं, तर ताईंच्या अंगातला रंगकामाचा शर्ट. तो कोपरापर्यंत निळा होता आणि पाठीवर उसवला होता. ताईंनी घरी फोन लावला.

"अहो, कपाटातला कुठलाही शर्ट घेऊन लगेच या. काही विचारू नका."

हे 'काही विचारू नका' ताईंना एका दिवसात दुसऱ्यांदा भोवलं.

यजमान अकरा वाजता आले. सोबत सासूबाई. सासूबाईंचा चेहरा पडलेला होता.

"अगं, माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "तुझे सगळे कपडे आज सकाळी भिजत घातले. म्हटलं, बाई एवढी राबते, आपण तेवढाच हातभार लावावा."

"सगळे?"

"सगळे म्हणजे काय, पाचच तर आहेत."

यजमानांनी हातातली कागदी पिशवी पुढे केली. ताईंनी आत हात घातला आणि विंचू असल्यासारखा बाहेर काढला. आत शर्ट होता. हिरवा. कॉलरखाली पुठ्ठा, बाह्यांना टाचण्या, वर प्लास्टिकचा कागद.

"हे काय आणलंत?"

"शर्ट," यजमान म्हणाले. "दुकानातून घेतला. तूच म्हणालीस, काही विचारू नका."

दोन्ही शिलाई मशिनं थांबली. मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली.

"बादलीतला ओला चालला असता," ताई कशाबशा म्हणाल्या.

"ओल्या शर्टात साहेबांसमोर बसणार होतीस?"

बिचाऱ्या यजमानांचं काही चुकलं नव्हतं, हेच तर दुखणं होतं. एवढ्या प्रेमाने आणि एवढ्या घाईने त्यांनी बायकोची सात वर्षांची तपश्चर्या मोडीत काढली होती. परत जाऊन बदलून आणायला वेळ नव्हता, आणि बदलून आणायचा तरी काय, दुसरा नवा? ताईंनी निळ्या बाहीकडे बघितलं, हिरव्या शर्टाकडे बघितलं आणि हात टेकले.

मास्तरांनी घसा खाकरला. "तास आहे आपल्याकडे. जुना करून टाकू."

"काय?"

"ताई, सात वर्षं जुन्याचं नवं करतोय. उलट्या बाजूने जायचं, एवढंच."

आणि मग त्या मजल्यावर जे कधी घडलं नव्हतं ते सुरू झालं. शर्ट आधी सोड्याच्या गरम पाण्यात बुचकळला. मग मास्तरांनी त्याची कोपरं जिन्याच्या पायरीवर घासली. तो नुसताच ओला नवा दिसू लागला. तेव्हा यजमानांना तो घालायला लावून भिंतीला पाठ घासत येरझाऱ्या घालायला सांगितलं. सासूबाईंनी तो पिळून खुर्चीवर ठेवला आणि त्यावर बसकण मारली, मग तो मांडीवर घेऊन सुपारी कातरावी तशा निवांतपणे बटणं तोडून टाकली. एका शिलाईवालीने पाच निरनिराळी बटणं लावली. ताईंनी निळ्या शर्टाची बाही फाडून जमिनीवरचं पाणी पुसलं. शेवटी मास्तरांनी सकाळच्या चौदांपैकी एक खिसा उचलून हिरव्या शर्टाच्या छातीवर तिरका शिवला, कडकडीत इस्त्रीने शर्ट वाळवला आणि दोन पावलं मागे होऊन बघितलं.

"बारा-तेरा वर्षांचा वाटतो," ते समाधानाने म्हणाले.

ताईंनी शर्ट घातला. सात वर्षांनी नवं कापड अंगाला लागलं आणि त्यांना छान वाटलं. त्यांना सगळ्यात वाईट वाटलं ते या छान वाटण्याचं.

साहेब बाराच्या ठोक्याला आले. शिडशिडीत, अबोल माणूस. कपडा दिसला की तो दोन बोटांत धरायचा आणि डोळे मिटायचा. त्यांनी पिशव्या बघितल्या, "हं" म्हणाले. जाकिटं बघितली, "हं" म्हणाले. मग ताईंसमोर आले आणि थबकले.

"हा शर्ट?"

"जुना आहे," ताई म्हणाल्या. आयुष्यात इतके छोटे शब्द त्यांना इतके जड कधी गेले नव्हते.

"कशाचा केलाय?"

ताईंनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर छताकडे बघू लागले. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आवाज आला.

"माझ्या पडद्याचा," सासूबाई म्हणाल्या.

साहेब वळले. त्यांनी खिशातून वही काढली. "असं? कुठला पडदा, आजी?"

"पुढच्या खोलीचा. वीस वर्षं होता. त्याच्याआडूनच मी ह्याची वाट बघायचे, हा शाळेतून यायचा तेव्हा."

"आई," यजमान हळूच म्हणाले.

"तू लहान होतास, तुला काय आठवणार? एकदा तर घरात पाणी शिरलं, साहेब. सगळं भिजलं, गादी गेली, कपाट गेलं. पडदा तेवढा राहिला. मग सुनेने मागितला. म्हटलं घे, तुझ्या कामाला येतोय तर घे."

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. त्या स्वतःच इतक्या रंगल्या होत्या की डोळ्यांत खरंच पाणी होतं. मास्तरांनाही राहवलं नाही.

"मीच कापला तो पडदा," ते म्हणाले. "हात थरथरत होता माझा."

"कधी कापलात?"

"तीन वर्षं झाली," मास्तर म्हणाले, आणि त्याच क्षणी सासूबाई म्हणाल्या, "पाच."

"तीन आणि पाच," साहेबांनी लिहून घेतलं. "पडदा थोडा उरलाय का?"

"आहे की, घरी घडी घालून ठेवलाय," सासूबाई म्हणाल्या. ताईंना ठसका लागला.

"उत्तम. आमच्या दर्शनी काचेत शर्टाशेजारी तो लावू. आजींचा मोठा फोटो लावू. आणि ती खिडकी. उद्याच फोटोग्राफर पाठवतो घरी."

"खिडकी बुजवली," यजमान घाईघाईने म्हणाले. सरळमार्गी माणूस, उभ्या जन्मात त्यांनी पहिल्यांदाच थाप मारली होती आणि त्यांचे कान लाल झाले होते.

साहेबांनी मान हलवली. मग टेबलावर एक कागद ठेवला. त्यावर ऑर्डरचा मजकूर होता, आणि खाली त्यांनी स्वच्छ अक्षरात दोन ओळी लिहिल्या: 'हा शर्ट माझ्या सासूबाईंच्या वीस वर्षं जुन्या पडद्यापासून तयार केला आहे. मी सात वर्षांत एकही नवा कपडा घेतलेला नाही.'

"इथे सही करा. हेच लेबलावर छापू."

ताईंनी पेन हातात घेतलं. समोर मास्तर उभे होते, ज्यांनी त्यांच्या शब्दावर दोनदा दुसरी नोकरी नाकारली होती. सही केली की ते इथेच राहणार होते, सगळेच राहणार होते. आणि यापुढे कुठल्याही सभागृहात उभं राहिल्यावर ताईंना आधी हा हिरवा शर्ट आठवणार होता. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"साहेब, हा शर्ट नवा आहे. अकरा वाजता त्याला टाचण्या होत्या. पडदा नाही, पूर आला नाही, खिडकी तर नाहीच नाही. माझा शर्ट सकाळी कापला गेला, घरी बाकीचे कपडे भिजत पडलेत, म्हणून ह्यांनी हा आणला आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तो जुना केला. मला लाज वाटते. तुम्ही गेलात तरी चालेल."

सासूबाई पुटपुटल्या, "चांगलं चाललं होतं."

"मला माहीत आहे," साहेब म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"शर्ट आमचाच आहे. हा हिरवा दीड वर्षापूर्वी मीच पास केला होता. सगळे म्हणत होते, नको, मी म्हटलं, खपेल. कोणी हात लावला नाही. बटणं बदललीत, पण कॉलर कशी विसरेन? माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक आहे ती."

"मग मघापासून लिहून काय घेत होतात?"

"थांबवणार होतो," साहेब जरा ओशाळून म्हणाले. "पण आजींनी पूर आणला. मला पुढचं ऐकायचं होतं."

त्यांनी ताईंच्या बाहीची कड दोन बोटांत धरली, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"असे चारशे पडून आहेत गोदामात," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात भट्टीत जायचेत. आज पहिल्यांदा ह्यातला एक कोणाच्या तरी अंगावर बघितला. आणि खरं सांगू, चांगला दिसतोय. चारशेच्या चारशे असे करून द्याल?"

"पण ते नवे आहेत," ताई म्हणाल्या.

"नवेच आहेत, पण खपले नाहीत. म्हणूनच तर जाळणार आहेत."

ताईंच्या डोळ्यांसमोर त्यांची पहिली नोकरी आली. बटणांचा रंग जरा फिका निघाला म्हणून कारखान्याच्या मागच्या अंगणात नव्या कपड्यांचा एक अख्खा ढीग पेटवला होता, आणि त्या धुरात उभं राहूनच त्यांनी राजीनामा लिहिला होता. पुढे सात वर्षं लोकांनी वापरून टाकलेले कपडे त्या वाचवत बसल्या. ज्यांना कोणी एकदाही अंगाला लावलं नाही, त्यांच्याकडे बघायचं राहूनच गेलं होतं. त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"करते," त्या म्हणाल्या. "पण लेबलावर खरं छापीन. नवा होता, कोणी घेतला नाही, जळता जळता वाचला."

"छापा. कोणी पास केला होता ते तेवढं छापू नका."

सह्या झाल्या. मास्तर कोपऱ्यात जाऊन नाक शिंकरत होते. साहेब निघाले आणि जिन्याशी थांबले.

"नमुना द्या ना. मोठ्या साहेबांना आजच दाखवतो."

नमुना ताईंच्या अंगात होता, आणि निळा शर्ट एव्हाना पोतेरं झाला होता. ताईंनी यजमानांकडे बघितलं. यजमान काही न विचारता गठ्ठ्यांमागे गेले आणि तिथून त्यांचा हात बाहेर आला, त्यात त्यांच्या अंगातला शर्ट होता. दोन मिनिटांनी ताई तो घालून आल्या. खांदे दंडापर्यंत उतरलेले, कॉलर विरलेली, बाह्या चारदा दुमडलेल्या. गठ्ठ्यांमागे बनियनवर उभे राहिलेले यजमान तिथूनच "नमस्कार साहेब" म्हणाले.

साहेबांनी हिरवा शर्ट पिशवीत ठेवला आणि ताईंना खालपासून वरपर्यंत बघितलं.

"हा तरी जुना आहे ना?"

"हा ह्याच्या लग्नातला," सासूबाई लगबगीने पुढे येऊन म्हणाल्या. "कापड मीच निवडलं होतं. आज बावीस वर्षं झाली, अजून घालतो."

साहेब इतके हसले की त्यांना कठडा धरावा लागला. ते हसतच जिना उतरले. शिलाईवाल्या दोघी हसल्या, मास्तरांनी तोंडावर टोपी धरली, ताईंनाही हसू आवरेना.

"अगं, ह्यात हसण्यासारखं काय आहे?" सासूबाई एकेकाच्या तोंडाकडे बघत विचारत राहिल्या. साहेबांना त्यांनी दिवसभरात एवढी एकच गोष्ट खरी सांगितली होती.