खांबांच्या वादाची आणि शरयूबाईंच्या पत्रांची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. शके एकोणीसशे बावीस, विक्रमनाम संवत्सरी, एका राज्यातील एका नगरात जो प्रकार घडला तो ऐकिला तैसा लिहितो. पदरचे काही घालीत नाही. ते समयी राज्यात जलद इंटरनेट नवे आले होते आणि दोन कंपन्यांची घराणी त्यावर हक्क सांगत होती. एक रंगनाथपंत खरशीकरांचे. नगरात गल्लोगल्ली उभे असलेले टेलिफोनचे खांब सारे त्यांचे. दुसरे भवानराव ढमढेऱ्यांचे; त्यांनी राजधानीपासून काचेची बारीक तार जमिनीखालून आणून नगराच्या वेशीपर्यंत पोचविली होती. रावांची तार पंतांच्या खांबांवर चढावी आणि घरोघर जावी, इतकेच काम उरले होते. परंतु पंत म्हणाले, खांब देणार नाही. आणि राव म्हणाले, मागणार नाही. मग रावांनी आपले खांब रोवावयास खड्डे खणविले, आणि पंतांनी न्यायसभेतून मनाई आणविली, आणि रावांनी उलट दावा घातला, आणि खड्ड्यांत पाणी साचून दोन वर्षे गेली.

त्या नगरात शरयूबाई अष्टपुत्रे नामे मुलींच्या शाळेतून निवृत्त जाहलेल्या गणिताच्या शिक्षिका राहत. त्यांचे वडील बंधू त्र्यंबकराव जन्मतः बहिरे, दूरच्या शहरी मुलापाशी असत. भावंडांनी बाळपणी आपल्यापुरती खुणांची भाषा केली होती, ती तिसऱ्या कोणास येत नसे. पुढे बाईंचे गुडघे गेले आणि प्रवास खुंटला. संगणकावर समोरासमोर दिसावे, तर बाईंच्या घरच्या जुन्या टेलिफोनच्या तारेवर चित्र अडखळे. हात दिसेतो खूण सरून जाई. म्हणोन बाईंनी निवृत्तीचा पैसा दोन्ही घराण्यांच्या शेअरांत घातला, की कोणाची का होईना, तार लवकर यावी. तार आली नाही, आणि शेअर निम्म्यावर उतरले. इतक्यात बंधूंचे पत्र आले. त्यात लिहिले होते, "मुलगा चांगला आहे. सून चांगली आहे. माझ्याशी दिवसभर कोणी बोलत नाही." बाईंनी पत्र दोन वेळा वाचले आणि काठी घेऊन पंतांच्या वार्षिक सभेस गेल्या.

सभेत पंतांनी रावांवरील दाव्याचे वर्णन तासभर केले. मग बाई उभ्या राहिल्या आणि बोलिल्या, "पंत, माझे शेअर आपल्याकडे आहेत आणि रावांकडेही आहेत. म्हणजे दोन्ही वकिलांस मीच पोसते. तार घरी कधी येईल तेवढे सांगा."

पंत हसोन म्हणाले, "बाई, धीर धरावा. राव बुडाले की मैदान आपलेच."

"राव बुडाले तर माझे अर्धे बुडते, आणि आपण बुडालात तर उरलेले अर्धे. यात मी जिंकते केव्हा?"

सभा हसली, पंतांनी पुढील विषय घेतला. मग बाई रावांच्या दरबारी गेल्या. राव म्हणाले, "मावशी, पंतांच्या खांबावर आमची तार लोंबली तर लोक काय म्हणतील?"

बाई म्हणाल्या, "लोक म्हणतील, इंटरनेट आले."

रावांनी चहा मागविला. बाई त्या दिवशी फार संतापल्या, घरी जेवल्याही नाहीत. मग त्यांनी भागधारक या नात्याने दोन्ही घराण्यांच्या भागधारकांच्या नावांच्या याद्या मागविल्या, आणि ताडून पाहता सहाशे सात नावे दोन्हींत निघाली. त्या सर्वांस बाईंनी स्वहस्ते पत्रे लिहिली, की आपण आपल्याशीच भांडतो आहोत, हे थांबवू. साडेचारशे उत्तरे आली. त्यांच्या बळावर दोन्हीकडे एकच ठराव मांडिला, की महिन्यात करार करावा अथवा गादी सोडावी. पंत म्हणाले, "गादी सोडीन, खांब देणार नाही," आणि मतदान होऊन खरोखरच त्यांची गादी गेली. ते वर्तमान ऐकताच रावांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पंतांच्या जागी आलेल्या कारभाऱ्याकडे जाऊन सही केली.

मार्गशीर्षात तार बाईंच्या घरी आली. सकाळी दहा वाजता पडद्यावर त्र्यंबकराव दिसले, आणि हात कोठे अडखळेनात. त्यांनी पहिलीच खूण केली, इतका उशीर का? कंपनी, दावा, मनाई यांस भावंडांच्या भाषेत शब्द नव्हते. मग बाईंनी दोन्ही मुठी कपाळाशी नेऊन एकमेकींवर आपटल्या. ती खूण बाळपणी शेजारच्या दोन भांडखोर बोकडांची होती. त्र्यंबकराव खांदे हलवीत बराच वेळ हसत राहिले.

सारांश: पंत पुन्हा गादीवर आले नाहीत. रावांनी पुढे आपली कंपनी मोठ्या घराण्यास विकिली. शेअर निम्म्यावर होते ते तेथेच राहिले. भावंडे सहा वर्षे रोज सकाळी बोलत होती. घडले ते इतके.